डाव्या कमरेचं वजन

निवृत्त झालो त्या संध्याकाळी उजवी कंबर हलकी झाली, त्याचं मला काही वाटलं नाही. डावी हलकी झाली आणि मी ऑफिसचा जिना उतरताना अडखळलो.

उजवीकडे पिस्तूल असायचं, डावीकडे जादा मॅगझिन. मी पोलिसात होतो आणि नोकरीची बहुतेक वर्षं मंत्र्यांचा अंगरक्षक म्हणून काढली. साध्या वेशातला. अंगात सफारी, सफारीखाली हा सगळा संसार, आणि चेहऱ्यावर आपण कुणीच नाही असा भाव. लग्नाकार्यात लोक पिस्तुलाबद्दल हमखास विचारायचे. खरं असतं का, भरलेलं असतं का, कधी चालवलंत का. मॅगझिनबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो: मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची पत्र्याची डबी. एक पिस्तुलात असते आणि एक जवळ बाळगायची असते.

ती का बाळगायची, हे आम्हाला उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. उस्ताद म्हणजे आमचे शस्त्र शिकवणारे, आवाज असा की मैदानाबाहेरची कुत्री पळायची. ते म्हणाले, “दुसरं मॅगझिन जास्त गोळ्यांसाठी नसतं रे. पहिल्यावर विश्वास ठेवायचा नसतो म्हणून असतं.” पिस्तूल सहसा दगा देत नाही, ही डबी देते. आतली स्प्रिंग दमते, पत्रा चेपतो, गोळी तिरकी बसते. तेव्हा विचार करत उभं राहायचं नाही. ती टाकायची, डावीकडची काढायची, बसवायची. काढताना बघायचंही नाही, म्हणून डबी कमरेला एकाच ठरलेल्या दिशेने लावायची, गोळ्यांची टोकं पुढे. म्हणजे हात गेला की पहिलं बोट आपोआप टोकावर पडतं आणि डबी उलटी बसत नाही.

दुसरा धडा हाताचा होता. कपड्याखाली काही लपवलेला माणूस कसा ओळखायचा? तो सारखा हात लावून बघतो. आहे ना जागेवर, पडलं तर नाही ना. उस्ताद हातात वेताची छडी घेऊन आमच्यामधून फिरायचे आणि ज्याचा हात कमरेकडे गेला त्याच्या बोटांवर ती बसायची. “खात्री करायचीच असेल तर कोपराने कर,” ते म्हणायचे. चालता चालता कोपर अलगद कमरेला टेकवलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. माझी बोटं दोनदा सुजली आणि मग उभ्या नोकरीत माझा हात कधी तिकडे गेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय थाटाची नोकरी. थाट गेला खड्ड्यात. पंगतीला खाली बसलं की मॅगझिनचा कोपरा बरगडीत रुतायचा, त्यामुळे साहेब जिलबीचा आग्रह करत असायचे आणि मी श्वास अर्धा धरून नको म्हणत असायचो. देशी संडासात पट्टा सोडताना तर योगासनं करावी लागायची. देवळात आणखी वेगळी तऱ्हा. कातडं आत चालत नाही, त्यामुळे पट्टा आणि त्यावरचा मॅगझिनचा पाउच बाहेर ड्रायव्हरकडे द्यायचा आणि साहेबांच्या मागे गाभाऱ्यापर्यंत जायचं ते पिस्तूल पँटीत खोचून आणि खिशात मॅगझिन धरून. एकदा पुजाऱ्याने माझ्या दुसऱ्या हातात नारळ दिला, वर फुलांची परडी दिली, आणि नमस्कार कर म्हणून मागे लागला. मी मान वाकवली तेवढीच. हा नास्तिक दिसतो, असं तो साहेबांना म्हणाला.

पिस्तूल आणि दोन्ही मॅगझिनं सरकारची. निवृत्तीच्या दिवशी ती शस्त्रागारात जमा केली. पाउच मात्र माझा होता. सरकारी पाउच ढिला म्हणून मी ओळखीच्या चांभाराकडून जाड कातड्याचा शिवून घेतला होता, आणि इतक्या वर्षांत तो माझ्या कमरेच्या आकाराचा झाला होता. तो मी घरी आणला. बायको तेव्हा होती. ती म्हणाली, “आता यात काय ठेवणार? तपकीर?” काही दिवस मी चष्मा ठेवून बघितला, पण त्याच्या काड्या वाकल्या.

बायको गेल्यावर लेकीने मला तीन महिन्यांसाठी दुबईला बोलावून घेतलं. ती अल बर्शाला राहते. एका बँकेत नोकरीला आहे, आणि जावई रोज सकाळी गाडी काढून अबुधाबीला कामाला जातो. घरात नऊ वर्षांची नात. तिच्याशी मी मराठीत बोलायचं आणि तिने मला इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार आपोआप झाला. मला ती अज्जू म्हणते. माझं सामान लावताना लेकीच्या हाताला पाउच लागला आणि तिने कपाळाला हात लावला. “बाबा, हा कशाला आणलात? इथे पिस्तुलाची खेळणी घेऊन फिरलात तरी लोक चौकशी करतात.” मी म्हणालो, रिकामं कातडं आहे, काय करणार आहे ते. तिने तो कपाटात वरच्या फळीवर टाकला.

नातीला दमा आहे, हे मला फोनवरून ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि बघणं वेगळं. मी आलो त्याच आठवड्यात बाहेर वाळूचं वादळ झालं, खिडक्यांबाहेर सगळं मळकट पिवळं. त्यात शेजारच्या घरातून उदाचा धूर आला. इथे घरात, दुकानात, कपड्यांना ऊद फिरवायची पद्धत आहे. वास सुंदर असतो, पण नातीला तो अजिबात चालत नाही. ती खोकू लागली, खांदे वर उचलले गेले, आणि तिच्या गळ्याशी प्रत्येक श्वासाला एक खळगा पडायला लागला. लेकीने धावत जाऊन तिच्या पिशवीतला निळा पंप आणला, लांब प्लास्टिकच्या नळकांड्याला लावला, दोन फवारे दिले आणि दहा मिनिटांत पोर परत टीव्हीसमोर. लेक भांडी घासायला लागली. मी मात्र संध्याकाळपर्यंत त्या खळग्याच्या जागेकडे बघत होतो.

जेवताना मी विचारलं, “दुसरा कुठे आहे?”

“दुसरा काय?”

“पंप. हा संपला तर?”

“बाबा, खाली फार्मसी आहे. कोपऱ्यावर अजून एक आहे. ॲपवर ऑर्डर केला तर वीस मिनिटांत माणूस दारात. हे दुबई आहे.”

“आणि आत औषध किती उरलंय ते कसं कळतं?”

“हलवून बघते ना मी. आवाज येतो.”

मी उस्तादांचं वाक्य तिला ऐकवलं. ती म्हणाली, माझी मुलगी म्हणजे तुमचा मंत्री नाही. जावई भात कालवत हसला. तो भला माणूस आहे, आमच्या दोघांच्या मध्ये कधी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फार्मसीत जाऊन तसाच पंप घेतला. किंमत ऐकून मोठ्याने रुपये केले, तेव्हा काउंटरवरचा केरळी पोरगा म्हणाला, “अंकल, कन्वर्ट मत करो, तबियत खराब होती है.” घरी येऊन पंप उघडला. निळं प्लास्टिक हे नुसतं तोंड आहे. खरा माल आत, एक लहानशी चकचकीत धातूची डबी, जुनी काढून नवी त्याच तोंडात बसते. मी ती हातात घेतली आणि फळीवरचा पाउच काढला. रुंदीला बरोब्बर बसली. खोलीला आत जात होती, म्हणून तळाशी रुमालाची घडी घातली. बारीक तोंड पुढे येईल अशी दिशा ठरवली, पट्ट्यात पाउच ओवला, वर बुशशर्ट सोडला. चार पावलं चाललो. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला बायको गेल्यापासून वाटलं नव्हतं.

लेकीच्या नजरेतून ते एक दिवससुद्धा सुटलं नाही. ती खरोखर चिडली. “हे घालून तुम्ही बाहेर जाणार? शर्टाखाली मॅगझिनचा पाउच? इथे कुणी पकडलं तर तुम्हाला परत पाठवतीलच, आमच्याही नोकरीवर येईल. व्हिसा, घर, शाळा, सगळं खलास. डबी ठेवायचीय ना, तिच्या बॅगेत ठेवा.” मी म्हणालो, बॅग ती बसमध्ये विसरते, झोपाळ्यापाशी टाकते, परवाच लिफ्टमध्ये राहिली होती. माझी कंबर मी कुठे विसरत नाही. “घरात घाला,” ती म्हणाली. “बाहेर नाही. आणि मी सांगेपर्यंत तिला घेऊन खालच्या दुकानापलीकडे जायचं नाही.”

हे शेवटचं वाक्य मला लागलं. राज्याचा मंत्री माझ्या भरवशावर गर्दीत उतरायचा, आणि माझी सख्खी लेक मला नातीबरोबर बिल्डिंगच्या बाहेर सोडेना. पण तिची बाजूही कळत होती. तिचं एकच पोर, आणि म्हातारा बाप नव्या देशात. मी कबूल केलं आणि घरातल्या घरात पाउच लावून फिरू लागलो. आणि तिथेच एक विचित्र गोष्ट घडली. माझा हात जायला लागला. नात खोकली की डावा हात शर्टावरून पाउचवर. ती जिन्यावरून धावली की हात. कोपर नाही, सरळ पंजा. उस्ताद असते तर बोटं मोडली असती. मंत्र्यांच्या सभेत दगड पडले होते तेव्हासुद्धा हा हात हलला नव्हता.

महिनाभराने एका शनिवारी जावयाच्या साहेबांकडे अबुधाबीला जेवण निघालं, फक्त मोठ्या माणसांचं. नातीला सांभाळायला येणारी बाई आयत्या वेळी आजारी पडली. लेकीने माझ्याकडे बघितलं. नातीने संधी साधली, “मम्मा, कॅन अज्जू टेक मी टु द मॉल? बाय मेट्रो? प्लीज?” तिला शाळेच्या प्रोजेक्टसाठी रंगीत पेनं हवी होती. शेवटी लेक म्हणाली, “ठीक आहे. दोन स्टेशनं जायचं, पेनं घ्यायची, आइस्क्रीम खायचं आणि परत. नीट पार पडलं तर पोहण्याच्या क्लासला रोज तुम्हीच घेऊन जा.” म्हणजे ही माझी परीक्षा होती, आणि पास झालो तर पोर माझ्या ताब्यात.

आम्ही घरातून निघताना तिने अबुधाबीच्या रस्त्यावरून फोन केला. पंप घेतला? घेतला. फोन चार्ज आहे? आहे. कार्ड? आहे. पाउचबद्दल तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शर्ट जरा मोठा घातला होता.

मेट्रोत आम्ही मजेत गेलो. नातीने मला प्रत्येक उंच इमारतीची माहिती दिली, त्यातली निम्मी तिने तिथल्या तिथे रचली असावी. मॉलमध्ये पेनं मिळाली. आइस्क्रीमच्या रांगेत उभा असताना मला तो माणूस दिसला. चाळिशीचा, इथलाच, पण पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यात नाही. साधी पँट, बाहेर सोडलेला सैल शर्ट, पायात पळायचे बूट. हातात एकही पिशवी नाही आणि नजर दुकानांवर नाही, माणसांच्या हातांवर. आणि डाव्या कमरेला शर्टाखाली एक सरळ कडा. मला इतका आनंद झाला की विचारू नका. परक्या मुलखात गाववाला भेटावा तसं झालं. मी त्याच्याकडे बघून हसलो. मग लक्षात आलं, तोही माझ्याकडेच बघतोय, आणि हसत नाहीये. आम्ही एकमेकांना ओळखलं होतं. फरक एवढाच, की मी त्याला बरोबर ओळखलं होतं आणि त्याने मला चुकीचं. माझा डावा पंजा तेव्हा शर्टावरून पाउचवर होता.

तो जवळ आला. आवाज मऊ होता. “सलाम आलेकुम, चाचा. दो मिनट मेरे साथ. हाथ उधर नहीं.”

अशा वेळी काय करायचं नाही ते मला पाठ होतं. मी दोन्ही हात छातीच्या उंचीवर आणले, बोटं पसरून. म्हणालो, “बायीं कमर पर चमड़े का पाउच है. अंदर दवा है, बच्ची की. मैं हाथ नहीं लगाऊंगा, आप खुद निकालिए.” त्याने एक भुवई वर केली. बोलण्यातली शिस्त त्याच्या लक्षात आली होती, पण गर्दीत त्याने काही केलं नाही, तेही बरोबरच. “यल्ला, चलिए, अंदर बात करते हैं,” म्हणाला आणि आम्हाला दुकानांच्या मागच्या बोळातल्या एका छोट्या खोलीत घेऊन गेला. नात माझ्या शर्टाचं टोक धरून चालत होती. “अज्जू, व्हॉट डिड यू डू?” मी म्हणालो, काही नाही गं बाळ, ऑफिसचे लोक आहेत.

खोलीत टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर कॅमेऱ्यांचे पडदे. त्याने माझा शर्ट वर केला आणि पाउच बघितला. तो कशाचा आहे हे त्याला सांगायला नकोच होतं. बटण काढून त्याने बोटाने डबी वर ओढली आणि ती चकचकीत लहानशी डबी हातात धरून उभा राहिला. उलटी केली, वरचं नाव वाचलं. माझ्या पासपोर्टचं पान फोनमध्ये होतं, ते बघितलं. “पुलिस?”

“था. रिटायर.”

“और ये?”

“स्पेअर,” मी म्हणालो.

तो हसणार होता, मला दिसत होतं. तेवढ्यात नात खोकली.

मी पासपोर्टच्या नादात होतो म्हणून माझ्या नाकाला आधी कळलं नाही. कोपऱ्यात विजेच्या धूपदाणीवर ऊद जळत होता. खोली लहान, दार बंद. दुसरा खोकला आला तो पोटातून. खांदे वर गेले. गळ्याशी तो खळगा पडला. मी तिच्या पिशवीतून पंप काढला, नळकांड्याला लावला, तिच्या तोंडाशी धरला आणि दाबला. फवारा आला नाही. नुसता टक असा पोकळ आवाज. हलवला, परत दाबला. टक. नातीचे डोळे मोठे झाले होते. “अज्जू,” ती म्हणाली, आणि पुढचा शब्द बाहेरच येईना.

जिवात काय झालं ते लिहिता येत नाही. एवढंच आठवतं की माझा डावा हात कमरेवर गेला आणि पाउच रिकामा लागला. डबी त्या माणसाच्या हातात होती. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तळहात पुढे केला.

त्याने ती डबी बोटात फिरवली आणि माझ्या तळहातावर ठेवली, बूड आत, तोंड पुढे. आमच्यात दिली जाते तशी. माझं पहिलं बोट टोकावर पडलं. जुनी डबी मी उपटून टाकली, ती टेबलाखाली घरंगळत गेली. नवी बसवली, हलवली, एक फवारा हवेत मारला. आला. मग नळकांडं तिच्या तोंडाला. “श्वास घे बाळ, सावकाश. धर. सोड.” परत एकदा. तोपर्यंत त्या माणसाने धूपदाणीची वायर खेचली होती, दार सताड उघडलं होतं आणि वॉकीटॉकीवर डॉक्टरला बोलावत होता. नर्स आली तेव्हा नातीच्या ओठांवर रंग परतला होता. नर्सने बोटाला यंत्र लावलं, छाती तपासली, पाव तास बसवून ठेवलं आणि ठीक आहे म्हणाली.

मग मी खुर्चीत बसलो आणि तो कॉफी घेऊन आला. त्याने पेला टेबलावर ठेवला, नातीला खजूर दिले, आणि माझ्यासमोर बसला. धुराबद्दल त्याने तीनतीनदा माफी मागितली. मग हळूच विचारलं, “चाचा, नौकरी में दूसरी मॅगझिन कभी लगी?”

“कभी नहीं,” मी म्हणालो. “आज लगी.”

त्याने मान हलवली. “एक बात बोलूं? पुलिसवाला हाथ नहीं लगाता. आप बार-बार लगा रहे थे. इसलिए मैंने रोका.”

“वहां साहब थे,” मी म्हणालो. “यहां नातिन है.”

त्याने पाउच मला परत दिला, पण कपड्याखाली नको, वर लावा, सगळ्यांना दिसेल असा, असं बजावून. मेट्रोपर्यंत तो स्वतः सोडायला आला. त्या खोलीतून निघताना मी टेबलाखाली वाकून जुनी डबी शोधली आणि खिशात टाकली.

नातीला मी वाटेत काही पढवलं नाही. पढवून उपयोगही नव्हता. अबुधाबीहून परतल्यावर लेकीने दार उघडलं आणि नात ओरडली, “मम्मा! अज्जू गॉट अरेस्टेड!”

पुढचा अर्धा तास मी सोफ्यावर बसून होतो. सगळं सांगून झाल्यावर लेकीने आधी पोरीला पोटाशी धरलं आणि मग माझ्यावर जे तोंड सोडलं ते जावयानेही कधी ऐकलं नसेल. तुम्ही प्रॉमिस केलं होतं. तुम्हाला गंमत वाटते का सगळी. पकडून ठेवलं असतं तर पोर कुणाबरोबर राहिली असती. तुमच्यामुळेच ती त्या खोलीत गेली. हे सगळं खरं होतं. तिचा दम संपल्यावर मी खिशातून जुनी डबी काढून टीपॉयवर ठेवली.

तिने ती उचलली आणि कानाशी नेऊन हलवली. आतून आवाज आला, खळखळ, चांगला भरल्यासारखा. तिने पंपात बसवून दाबली. टक. परत हलवली, आवाज आला. परत दाबली, टक. “मी सकाळीच हलवून बघितला होता,” ती म्हणाली. मग डबी हातात घट्ट धरून ती खाली फरशीवरच बसली आणि लहानपणी रडायची तशी रडली. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. गुडघ्यांनी तक्रार केली, पण बसलो.

माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहण्याच्या क्लासची पिशवी माझ्या खोलीच्या दाराशी ठेवलेली होती. मी पाउच शर्टाच्या वर लावला. पोहण्याच्या तलावावरच्या बायका त्यात मोबाइल आहे असं समजायच्या.

तीन महिने संपले तेव्हा नातीने मला रंगीत पेनांनी काढलेलं चित्र दिलं, त्यात मी दोन्ही हात वर करून उभा आहे. विमानतळावर सोडायला लेक एकटी आली. घरातून निघताना ती माझ्या खोलीत येऊन उभी राहिली होती. “बाबा, तो ठेवून जा,” म्हणाली. कोणता ते मी विचारलं नाही. पट्ट्यातून काढला, डबी बाहेर घेतली, एक फवारा मारून दाखवला, तोंड पुढे करून परत आत घातली आणि तिच्या हातात दिला. तिने बटण लावून बघितलं. शस्त्र जमा करताना मी आजवर इतक्या वेळा सही केली, पण ताबा दिल्यासारखं वाटलं ते त्या वेळी.

गाडीत बसताना गंमत कळली. आपल्याकडे मी साहेबांच्या गाडीत पुढे डावीकडे बसायचो, आणि सीटबेल्टचं कुलूप नेमकं पिस्तुलावर यायचं. इथे मला बसायचं उजवीकडे, त्यामुळे गेले दोन महिने तेच कुलूप माझ्या पाउचवर घासत होतं. लेक मात्र चालवायला डावीकडे बसते, तिचं कुलूप उजव्या कमरेला, डावी मोकळी. मी तिला तसं सांगितलं. “बाबा, तुम्हाला दुसरं काही सुचतं का?” ती म्हणाली.

विमानतळावर तिने मला मिठी मारली. तिच्या कुर्त्याखाली ती ओळखीची कडा मला बरगडीशी लागली. वर लावायला सांगितलंय ना त्या माणसाने, असं मी म्हणणार होतो. ती मागे सरली, डोळे पुसले, पर्स खांद्यावर घेतली, आणि वळता वळता तिचं डावं कोपर अलगद कमरेला टेकलं.

हात नाही, कोपर. मी तिला हे कधीच शिकवलं नव्हतं. ती लहान असताना मी ड्युटीला निघालो की दारात उभी राहून बघायची, बस.